तिनं माप घेतलं नाही

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी एका सिनेमातल्या बाईची वकिली केली. कोणी मला ती दिली नव्हती, पण माझा स्वभावच तसा. आमचे हे म्हणतात, तुझ्याशी बोलायचं तर माणसानं आधी घोटभर पाणी पिऊन बसावं. त्या दिवशी मी भांडले ती माझ्या भाचीशी, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीशी. आणि भांडण कशावरून, तर त्या बाईनं आपल्या भावाला जाणूनबुजून पोलिसांच्या हाती दिलं, की तिच्या तोंडून चुकून निघून गेलं, यावरून.

माझं माहेर वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या महादेवाला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. आम्ही मासोळी मारणारी माणसं, जोडीला थोडी शेती. लग्न होऊन मी भद्रावतीला आले. हे तिथं फॅक्टरीत होते, आता रिटायर झाले. दर दिवाळीला भद्रावतीहून चंद्रपूर, तिथून चामोर्शीची लाल गाडी, मग मिळेल ते वाहन, असं करत मी दादाला ओवाळायला जाते. एकही वर्ष चुकवलेलं नाही, आणि हे मी मोठ्या दिमाखानं सगळ्यांना सांगत असते.

त्या दुपारी घरात आम्ही चौघंच होतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे नाटक-दुकानांची जत्रा, भरते. शेजारच्या गावाची मंडई होती आणि सगळं गाव तिकडं गेलेलं. दादाचा गुडघा धरला होता म्हणून तो खाटेवर पडून होता. वहिनी दाराजवळच्या उजेडात शिलाई मशीनवर बसली होती, बचत गटाला शाळेचे गणवेश शिवून द्यायचे होते. भाची चंद्रपूरला नर्स आहे, ती चार दिवसांच्या सुट्टीवर आलेली. तिनं मोबाईल टीव्हीला जोडला आणि म्हणाली, "आत्या, हा पाह्य. शेवटी तूच सांग मले, तिले मालूम होतं का नव्हतं."

सिनेमाचं नाव मी लक्षात ठेवलं नाही. खुनाचा, पोलिसांचा सिनेमा. त्यात एक बाई आहे, लहानशा गावात कपडे शिवणारी. तिनंच वाढवलेला धाकटा भाऊ गुंडांच्या नादी लागतो, माणूस मारतो आणि फरार होतो. बाई इतकी गरीब स्वभावाची दाखवली आहे की पहिल्या दहा मिनिटांत आपण तिच्या बाजूचे होतो. एक दिवस एक माणूस पँटची लांबी कमी करायला घेऊन येतो. इकडचं तिकडचं बोलतो, घरात कोण कोण म्हणून विचारतो. ती म्हणते, भाऊ आहे, रविवारी माझ्या हातचं जेवायला येतो. रविवारी पोलीस येतात आणि भाऊ अंगणात मरून पडतो. पँट घेऊन आलेला माणूस पोलिसांचाच होता, हे आपल्याला तेव्हा कळतं. तिला कधी कळलं, हे सिनेमा सांगत नाही. ती मशीनवर बसलेली दाखवतात आणि संपवून टाकतात.

"तिले मालूम होतं," भाची म्हणाली.

"कायचं मालूम," मी म्हणाले. "भोळी बाई हाय थे. गिऱ्हाईक समजून बोलून गेली."

"आत्या, भाऊ खून करून पळाला हाय. घरी पोलीस येऊन गेले हाय. अशी बाई अनोळखी मानसाले सांगन का, भाऊ रविवारी येते म्हनून?"

"काऊन नाई सांगन? आपल्या मानसाबद्दल कोनी चांगलं विचारलं का बाईची जीभ सुटते. तुले काय कळते, तू अजून लगीन नाई केलं."

लग्नाचा तिथं काय संबंध, हे मलाही सांगता आलं नसतं. पण माझा आवाज चढला होता. भाची हसत होती, तिला गंमत वाटत होती. ती म्हणाली, "आत्या, तू तर अशी चिडून राह्यली, जशी तुह्यावरच केस हाय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच. मी त्या बाईला सोडवत नव्हते, मी मला सोडवत होते. अकरा वर्षांपूर्वी माझ्याही भावाला पकडून नेलं होतं. ते वहिनीमुळं, असं आमचं सगळं घर धरून चालत होतं, वहिनी स्वतःही. खरं काय ते मला माहीत होतं. वहिनीच्या डोक्यावरचा तो बोजा माझा होता आणि मी तो एवढी वर्षं तिला वाहू दिला होता. दर भाऊबीजेला मी ठरवून जायची की या खेपेला सांगायचं, आणि दर भाऊबीजेला ओवाळून, जेवून, वहिनीनं बांधून दिलेली वाळली मासोळी घेऊन परत यायची.

झालं होतं ते असं. आमच्या चण्याच्या शेतात रानडुकरं घुसत. दादानं रात्रीची करंटची तार लावायला सुरुवात केली. असं करू नये हे सगळ्यांना माहीत असतं आणि करणारे करतात. तारेला डुक्कर सापडलं असतं तर गोष्ट गावातल्या गावात राहिली असती. सापडला वाघ. दादा सकाळी तार काढायला गेला आणि तसाच उलट्या पावली निघाला. दुसऱ्या दिवशी तो भद्रावतीला माझ्या दारात उभा. अंगावर घातलेले कपडे सोडून काही नाही.

दोन दिवस तो आमच्या क्वार्टरमध्ये राहिला. यांना काही पटत नव्हतं, पण मेहुणा म्हणून तोंड उघडत नव्हते. तिसऱ्या दिवशी पहाटे दादा निघून गेला आणि त्याच दुपारी जंगल खात्याची दोन माणसं वर्दीत आमच्या दारी आली. एक पुढं होऊन विचारत होता, दुसरा मागं उभा राहून घर न्याहाळत होता. आमचे हे त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले. माझ्या नवऱ्यानं कोणापुढं हात जोडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. फॅक्टरीत कळलं तर नोकरीचं काय होईल, या भीतीनं त्यांना रात्र रात्र झोप लागेना. मला दादाचा असा राग आला होता की काय सांगू. वाघ मारला तो मारला, आणि त्याचं घोंगडं माझ्या संसारावर कशाला?

दादा नदीत होता. नदीत म्हणजे वैनगंगेच्या कोरड्या पात्रात. पाणी ओसरलं की आमची माणसं रेतीत डांगरवाडी लावतात, टरबूज, काकडी, आणि राखणीला झोपड्या घालून राहतात. झोपडी झोपडीसारखी, माणूस माणसासारखा. मार्कंड्याची जत्रा तोंडावर आलेली, नदीकाठी माणसांची रीघ. लपायला याहून बरी जागा नव्हती. वहिनी दोन-तीन दिवसांआड डबा घेऊन जायची, तेही जत्रेला निघालेल्या बायांच्या घोळक्यातून.

पण आमच्या घराण्याची एक खोड आहे, ती नडली. जाळं फाटलं की बाकीचे लोक त्याच रंगाच्या दोऱ्यानं सांधतात, म्हणजे सांधलेलं दिसू नये. आमचे बाबा लाल दोऱ्यानं सांधत. म्हणत, जिथं एकदा फाटलं तिथंच पुन्हा फाटते, ते डोळ्याला दिसलं पाहिजे. गावातले लोक आम्हाला लाल टाक्यावाले म्हणून हसत. बाबा गेल्यावर ते काम फक्त दादा करायचा. आता बघा, माणूस जंगल खात्याला चुकवून रेतीत लपलेला आहे, आणि शेजारच्या झोपडीवाल्याचं फाटकं जाळं त्याच्या डोळ्यांना बघवलं नाही. त्यानं कुठून तरी लाल दोरा मिळवला, जाळं सांधलं आणि झोपडीवर वाळत टाकलं. मासे धरणाऱ्या माणसाशिवाय अशी चूक कोणी करणार नाही.

मी त्या वेळी जत्रेसाठी माहेरी आले होते. जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनी डबा घेऊन गेलेली, माय आतल्या खोलीत पडलेली, मी अंगणात तांदूळ निवडत होते. चौकड्याचा शर्ट घातलेला एक माणूस आला. हातात जाळं. म्हणाला, "बाई, असं जाळं बनवून पाह्यजे. चार घरी विचारलं, कोनी सांगत नाई. कोनाच्या हातचं हाय हे?"

लाल टाके मला फाटकातूनच दिसले होते. आणि तो माणूसही मी ओळखला होता. आमच्या क्वार्टरच्या दारात मागं उभा राहून घर न्याहाळणारा तो हाच. वर्दी नव्हती, चेहरा तोच होता.

मी म्हणाले, "हे आमच्या घरचं काम. बाबा असं सांधत होते, आता दादाच सांधतो. दुसऱ्या कोनाले जमत नाई."

तो म्हणाला, "हात चांगला हाय."

मी म्हणाले, "हाव, चांगलाच हाय."

एवढंच बोलणं. तो गेला. पुढचं त्याचं त्याला माहीत होतं, कारण जाळं कोणत्या झोपडीवरून उचललं हे त्यालाच ठाऊक. दुपारी दादाला धरलं. वहिनी डबा देऊन घरी पोचून तास झाला नव्हता. मग काय, हिच्याच मागं माणूस लागला, हे सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं आणि मी तिथंच बसून ते पाहिलं. दादा सहा महिने आत राहिला, नंतर जामिनावर सुटला, तारखा अजून चालू आहेत. घरी आल्यावर तो वहिनीला पहिलं वाक्य बोलला ते, "मांगं पाहून चालता येत नव्हतं तुले?" असं मायनं मला सांगितलं.

वहिनीनं एकदाही उलटून उत्तर दिलं नाही. तिचं तिलाच पटलं होतं. आपल्या पायानं माणूस नवऱ्यापर्यंत गेला, म्हणून त्या वर्षापासून ती मार्कंड्याच्या जत्रेला अनवाणी जायला लागली. चपला घरी ठेवायच्या, जाऊन-येऊन सगळं अंतर तसंच. मी एकदा म्हणाले होते, वैनी, पाय फुटले तुमचे, आता पुरे. ती म्हणाली, "पायाचीच चूक होती, बाई." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत मी गाडीत बसले आणि भद्रावतीला आले. मला माझी लाज वाटत होती, पण लाज वाटून कोणाचे पाय भरून येत नाहीत.

तर त्या दुपारी भाची आणि मी वाद घालतोय. दादा खाटेवरून म्हणाला, "बंद करा ना आता. पिक्चर होय थे. मंडईतून जिलबी आनाले सांगा कोनाले."

वहिनी इतका वेळ मशीनवर होती. मला वाटलं, ती पाहतच नाहीये. तिनं पाय थांबवला आणि म्हणाली, "तिले मालूम होतं."

"पाह्य," भाची म्हणाली. "आई, कशावरून?"

"तिनं माप नाई घेतलं."

"कायचं माप?" भाचीनं विचारलं.

"पँटची लांबी कमी कराची म्हनून तो आला. तिनं पँट घेतली अन् बाजूले ठेवली. शिवनारी बाई असं करत नाई. कितीक बोटं कमी करू, हे तिनं पह्यलं विचारलं असतं. पट्टी तिच्या गळ्यातच होती. हात आपोआप जाते. नाई गेला, कारन तिले मालूम होतं का हा पँट घ्याले वापस येत नाई."

भाचीनं सिनेमा मागं नेला. वहिनीचं खरं होतं. गळ्यात मोजायची पट्टी, हातात पँट, आणि बाई ती पँट घडी करून खुर्चीवर ठेवते, तेही त्या माणसाशी बोलणं सुरू व्हायच्या आधी. आम्ही तीनदा पाहिलं. भाची म्हणाली, "आई, तू तर कमाल केली." दादानं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं.

मला तो चौकड्याचा शर्ट आठवला. जाळं बनवून मागायला माणूस आला तर मासोळीवाल्याच्या घरचं लेकरूसुद्धा आधी विचारतं, किती हाताचं पाहिजे? नदीत टाकायचं का तलावात, मोठ्या मासोळीचं का झिंग्याचं? त्याशिवाय जाळ्याचं बोलणंच सुरू होत नाही. मी विचारलं नव्हतं. अकरा वर्षं मी मनाशी तोच खटला चालवत होते, की मी ओळखलं खरं, पण बोलले ते बाबांच्या अभिमानानं, जीभ घसरली, दादाच्या हाताचं कौतुक झालं म्हणून बोलून गेले. आणि वहिनीनं मशीनवर बसल्या बसल्या एका वाक्यात निकाल दिला. मला माहीत होतं. तो जाळं न्यायला यायचा नव्हता, म्हणून मी माप विचारलं नाही. मला दादा धरला जायला हवा होता, म्हणजे माझ्या दारात पुन्हा कोणी येणार नव्हतं.

वहिनी पुन्हा सुई ओवत होती. ओवता ओवता, कोणाला उद्देशून नाही असं म्हणाली, "तरी त्या बाईनं तिच्या तोंडानं सांगतलं. जे केलं थे समजून केलं. माह्यासारखी बावळट नाई, का मांगं मानूस चालून राह्यला अन् मले पत्ता नाई."

मग मात्र माझ्यानं राहवेना.

"वैनी," मी म्हणाले, "तुमच्या मांगं कोनी नव्हतं."

ती माझ्याकडं पाहू लागली. मी सगळं सांगितलं. क्वार्टरच्या दारातला माणूस, चौकड्याचा शर्ट, लाल टाके, मी काय बोलले, काय विचारलं नाही. सांगताना मी रडले नाही, कारण रडले असते तर वहिनी मला पाणी द्यायला उठली असती आणि ते मला चाललं नसतं. मी दादाकडं पाहत नव्हते. मला वाटत होतं, आता तो उठेल आणि मला घराबाहेर काढेल. काढावंच, असंही वाटत होतं.

दादा उठून बसला. गुडघा दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "आता काऊन काढतं थे? मले मालूम हाय."

मला वाटलं, मी काही चुकीचं ऐकलं. भाचीनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"काय मालूम हाय?" वहिनीनं विचारलं.

"हिनं सांगतलं थे. त्यानं गाडीतच सांगतलं मले, तुमच्या बहिनीनं जाळं ओळखलं म्हनून. हसत होता."

"कधी सांगतलं?"

"धरून नेलं तवाच. त्याच दिवशी."

वहिनीनं सुई टाचण्यांच्या गादीत टोचून ठेवली. शर्टाची बाही मशीनखालून काढली, धागा तोडला. तिचं प्रत्येक काम नेहमीच्याच वेगानं चाललं होतं आणि मला तिचीच भीती वाटायला लागली.

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "मंग मी अनवानी काऊन गेली?"

"मी म्हनलं होतं का तुले, अनवानी जा म्हनून?" दादा म्हणाला.

आता मी पुरुषांची खूप उत्तरं ऐकली आहेत, पण हे उत्तर ऐकून मला दादाच्या अंगावर काहीतरी फेकावंसं वाटलं. मी म्हणाले, "दादा, तुले मालूम होतं तर माह्यावर रागवाचं होतं. मले चार लोकांत बोलाचं होतं. वैनीले काऊन बोलला?"

त्यानं गुडघा चोळला. मग म्हणाला, "तुले बोललो असतो तर तू येनं बंद केलं असतं. माय होती तवा. मायले कळलं असतं तर थे मेलीच असती. राग तर आला होता ना मले, कोनावर तरी काढा लागत होता." मग वहिनीकडं न पाहता तो म्हणाला, "हिले कुठी जायाचं होतं?"

हे तो वाईटपणानं बोलला नाही. सरळ, हिशोब सांगावा तसं बोलला. त्याला त्यात काही चुकलं असं वाटत नव्हतं, निदान बोलून होईपर्यंत तरी. भाची उठली आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली. मी दादाची पाठची बहीण, त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेली. त्याला धरून देणारी मी, आणि मला राखण्यासाठी बायकोला अकरा वर्षं खोट्या पापात ठेवणारा तो. आम्ही दोघं एकाच मायची लेकरं, ते त्या दुपारी फार बरोबर दिसलं.

वहिनी रडली नाही, ओरडली नाही. ती म्हणाली, "म्हनजे मी नव्हती आनली त्याले." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मी नव्हती." पहिल्यांदा तिनं ते आम्हाला सांगितलं, दुसऱ्यांदा स्वतःला. मग चुलीकडं गेली आणि संध्याकाळचा भात टाकला. रात्री चौघं जेवलो. दादानं दोनदा काहीतरी बोलून पाहिलं, मंडईचं, कोण आलं कोण नाही याचं. भाचीनं ताटं गोळा केली.

सकाळी मी निघणार होते. वहिनी पिशवी भरून अंगणात आली. दोन लुगडी, कात्री, आणि शिवून झालेले गणवेश कागदात बांधलेले. मला म्हणाली, "बाई, तुमची गाडी किती वाजता हाय? मी येतो."

"कुठी?" दादानं खाटेवरून विचारलं.

"गणवेश द्याचे हाय गटात," ती म्हणाली. तेवढंच खरं होतं. गणवेश तिनं रस्त्यात दिले आणि माझ्याबरोबर गाडीत बसली. गाडीत ती खिडकीशी, मी बाजूला. मी माफी मागितली. आधीच मागायला हवी होती, पण घरात जमली नाही. ती म्हणाली, "तुमाले भेव होता, बाई. मले समजते भेव. मी तुमाले माफ केलं असं आज म्हनत नाई, पन तुमचं मले समजते. त्याइचं, तुमच्या दादाचं, नाई समजत."

ती भद्रावतीपर्यंत आली नाही. मध्येच एका ठिकाणी उतरली. तिथं तिच्या ओळखीची एक बाई आहे, शिलाईचं काम आहे, राहायला खोली आहे. हे तिनं आधी कधीतरी, सहज म्हणून, विचारून ठेवलं होतं म्हणे. मी तिला सामान उतरवून दिलं. त्या जागेचं नाव मी इथं लिहीत नाही आणि कुणी विचारू नये. भाचीला आई खुशाल आहे एवढं कळवलं. तिनं जास्त विचारलं नाही, नर्स आहे, तिला कळतं.

पहिले दोन दिवस दादाला वाटलं, ती माझ्याकडं आली आहे आणि राग उतरला की परत येईल. तिसऱ्या दिवशी त्यानं यांना फोन केला, यांनी सांगितलं, इथं कोणी नाही. मग त्यानं वहिनीच्या माहेरी, घुग्घुसला, माणूस पाठवला. तिथंही नाही. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी मेथी निवडत असताना माझ्या मोबाईलवर त्याचा फोन आला.

आवाज खोल गेला होता. म्हणाला, "बाई, पोरगी ड्युटीवर गेली, दोन दिवस झाले, घरात चूल नाई पेटली. लोक विचारून राह्यले. कुठी गेली थे, तुले मालूम हाय ना?"

हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला.

"हाव," मी म्हणाले, "मले मालूम हाय."

"मंग सांग ना."

"नाई सांगत, दादा."